ब्लॉगचा स्वयंचलित बॅकअप

ब्लॉगचा स्वयंचलित बॅकअप म्हणजे ब्लॉगवरील लेख, प्रतिक्रिया, छायाचित्रे आणि मांडणी यांची राखीव प्रत ठरावीक कालांतराने संगणकाकडून आपोआप तयार करून घेण्याची व्यवस्था होय. या व्यवस्थेत लेखकाला दर वेळी आठवण ठेवावी लागत नाही. चुकून पुसला गेलेला मजकूर, सर्व्हरमधील बिघाड, खाते बंद होणे, सायबर हल्ला किंवा सेवा पुरवणारी कंपनीच बंद पडणे अशा प्रसंगी या प्रतीवरून ब्लॉग पुन्हा उभा करता येतो. स्वयंचलनामुळे विसरण्याचा धोका टळतो. मात्र बॅकअपची प्रक्रिया बिघडली, तर तो बिघाडही कोणाच्या लक्षात न येता दररोज घडत राहतो. म्हणून राखीव प्रतीवरून ब्लॉग प्रत्यक्ष उभा करून पाहणे हा या व्यवस्थेचा अविभाज्य भाग मानला जातो.

पार्श्वभूमी

मजकुराच्या एकाहून अधिक प्रती ठेवण्याची गरज मराठी वाङ्मयाला नवीन नाही. मराठीतील आद्य गद्यग्रंथांपैकी एक मानल्या जाणाऱ्या म्हाइंभटकृत लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या काळात नाहीशी झाली आणि नंतर महानुभाव अनुयायांनी ग्रंथ स्मरणावरून पुन्हा सिद्ध केला, अशी परंपरा आहे. त्यामुळे या ग्रंथाचे एकमेकांहून भिन्न असे अनेक पाठ आढळतात. मूळ प्रत गेल्यावर ग्रंथ उरला, तरी त्याची निश्चिती उरली नाही.

ब्लॉगर ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली व २००३ मध्ये गूगलने ती विकत घेतली. वर्डप्रेस ही मुक्त प्रणाली २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध झाली. युनिकोडमुळे देवनागरी लेखन सुलभ झाल्यावर या शतकाच्या पहिल्या दशकात मराठी ब्लॉगांची संख्या वाढली. प्रवासवर्णने, पाककृती, शेतीचे अनुभव, ग्रामनामांचा व बोलींचा शोध, कौटुंबिक आठवणी असे पुष्कळ लेखन केवळ ब्लॉगवर झाले आणि त्याची छापील प्रत कधीच निघाली नाही. असे लेखन नाहीसे झाल्यास ते ग्रंथालयातून परत मिळण्याची शक्यता नसते.

ब्लॉगचे घटक

ब्लॉग वाचकाला एकसंध दिसत असला, तरी त्याचे घटक निरनिराळ्या ठिकाणी साठवलेले असतात. यांतील एखादा घटक वगळला गेल्यास प्रत अपुरी राहते.

* मजकूर: लेख, पाने, प्रतिक्रिया, वर्गीकरण आणि दिनांक. वर्डप्रेसमध्ये हे सर्व मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या विदागारात असते.
* माध्यम धारिका: छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे आणि जोडलेली कागदपत्रे. या विदागाराबाहेर, स्वतंत्र फोल्डरमध्ये असतात.
* मांडणी: थीम, प्लगइन आणि त्यांच्या सेटिंग्ज.
* पत्ते: प्रत्येक लेखाचा कायमस्वरूपी दुवा आणि ब्लॉगचे डोमेन नाव.

मजकुराचा आकार सहसा वाटतो त्यापेक्षा बराच लहान असतो. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. एक हजार शब्दांच्या लेखात सुमारे ७,००० चिन्हे धरली, तर तो लेख २१ किलोबाइटचा होतो आणि असे ५०० लेख सुमारे १० मेगाबाइटमध्ये मावतात. मोबाइलवर काढलेली तीन-चार छायाचित्रे मिळून एवढीच जागा व्यापतात. त्यामुळे मजकुराचा बॅकअप दररोज आणि छायाचित्रांचा बॅकअप केवळ नवी भर पडेल तेवढाच, अशी विभागणी सोयीची ठरते.

प्रत घेण्याच्या पद्धती

ब्लॉगर

ब्लॉगरवरील लेख व प्रतिक्रिया एक्सएमएल स्वरूपाच्या एका धारिकेत मिळू शकतात. या धारिकेत छायाचित्रांचे केवळ दुवे असतात, प्रत्यक्ष छायाचित्रे नसतात. थीमची प्रतही वेगळी घ्यावी लागते. जून २०११ मध्ये सुरू झालेल्या गूगल टेकआउट या सेवेत दर दोन महिन्यांनी, एका वर्षापर्यंत, आपोआप प्रत तयार करण्याचा पर्याय आहे. सहा प्रतींनंतर ही मुदत संपते व नोंदणी पुन्हा करावी लागते. ही प्रत त्याच खात्याच्या गूगल ड्राइव्हमध्ये ठेवल्यास, खाते हातचे गेल्यावर ब्लॉग आणि त्याची राखीव प्रत दोन्ही एकाच वेळी जातात.

ब्लॉगची फीड ठरावीक वेळी वाचून ती साठवणारी लहान आज्ञावली हा दुसरा मार्ग आहे. मात्र फीडमध्ये पूर्ण लेखाऐवजी केवळ सुरुवातीचा भाग देण्याची सेटिंग निवडलेली असेल, तर ही आज्ञावली वर्षानुवर्षे विनातक्रार अर्धेच लेख साठवत राहते.

वर्डप्रेस

वर्डप्रेसच्या ‘निर्यात’ सुविधेतून मिळणाऱ्या धारिकेतही छायाचित्रे नसतात. ती धारिका नव्या ठिकाणी आयात करताना छायाचित्रे जुन्या संकेतस्थळावरून आणली जातात. जुने संकेतस्थळ बंद पडलेले असल्यास ती येत नाहीत. म्हणजे ज्या प्रसंगासाठी बॅकअप घेतला, नेमक्या त्याच प्रसंगी तो अपुरा ठरतो.

स्वतःच्या सर्व्हरवरील वर्डप्रेससाठी अपड्राफ्टप्लससारखी प्लगइन विदागार आणि धारिका दोन्ही वेळापत्रकानुसार दूरस्थ साठवणुकीत पाठवतात. वर्डप्रेसचे अंतर्गत वेळापत्रक घड्याळावर चालत नाही. कोणीतरी वाचक संकेतस्थळावर आला की राहिलेली कामे तपासली जातात. फारसे वाचक नसलेल्या ब्लॉगवर त्यामुळे रात्री दोनचा बॅकअप दुसऱ्या दिवशी दुपारीही होऊ शकतो. हा दोष टाळण्यासाठी अंतर्गत व्यवस्था बंद करून सर्व्हरच्या वेळापत्रकातून तीच कामे चालवली जातात.

स्थिर ब्लॉग

ह्यूगो किंवा जेकिल यांसारख्या साधनांनी तयार केलेल्या ब्लॉगमध्ये प्रत्येक लेख ही एक साधी मजकूर धारिका असते. असे लेख गिटसारख्या आवृत्ती नियंत्रण प्रणालीत ठेवले, तर प्रत्येक बदलाचा इतिहास आपोआप जपला जातो. विदागार नसल्यामुळे अशा ब्लॉगचे पुनःस्थापन तुलनेने सोपे असते.

वेळापत्रक

लिनक्स आणि तत्सम प्रणालींवर ‘क्रॉन’ हा कार्यक्रम नेमून दिलेल्या वेळी काम सुरू करतो. त्याच्या प्रत्येक ओळीत मिनिट, तास, महिन्यातील दिवस, महिना आणि वार असे पाच रकाने असतात आणि त्यापुढे करावयाची आज्ञा लिहिलेली असते. विंडोजवर हेच काम ‘टास्क शेड्युलर’ करतो. नेमलेल्या वेळी संगणक बंद असल्यास क्रॉन ते काम सोडून देतो. ‘ॲनाक्रॉन’ मात्र संगणक पुन्हा सुरू झाल्यावर राहिलेले काम पूर्ण करतो. घरगुती संगणकासाठी म्हणून ॲनाक्रॉन अधिक उपयुक्त ठरतो.

स्वयंचलित बॅकअपच्या एका फेरीत साधारणपणे पुढील टप्पे असतात.

१. ‘मायएसक्यूएलडम्प’सारख्या साधनाने विदागाराची प्रत काढणे.
२. ‘आरसिंक’ने केवळ नव्या किंवा बदललेल्या माध्यम धारिका आणणे.
३. प्रतीला दिनांकाचे नाव देऊन ती आकुंचित करणे.
४. प्रत दुसऱ्या ठिकाणी पाठवणे.
५. आकार व शेवटची ओळ तपासून काम पूर्ण झाल्याची खात्री करणे.
६. मुदत संपलेल्या जुन्या प्रती काढून टाकणे.

पाचवा टप्पा यशस्वी झाल्याशिवाय सहावा सुरू होऊ नये, अशी रचना आवश्यक असते. अन्यथा बिघडलेली नवी प्रत चांगल्या जुन्या प्रतींची जागा घेते.

प्रती किती काळ ठेवाव्यात

ब्लॉगमधील हानी नेहमी त्याच दिवशी लक्षात येत नाही. एखादा लेख पुसला गेल्याचे काही महिन्यांनी कळते. हल्लेखोराने घुसवलेली आज्ञावलीही दीर्घकाळ लपून राहू शकते. केवळ कालची प्रत ठेवणारी व्यवस्था अशा वेळी निरुपयोगी ठरते. म्हणून ‘आजोबा-वडील-मुलगा’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत वापरतात. तिच्यात उदाहरणार्थ ७ दैनिक, ४ साप्ताहिक आणि १२ मासिक अशा एकूण २३ प्रती ठेवल्या जातात. दहा मेगाबाइट मजकुराच्या ब्लॉगसाठी या सर्व प्रती मिळून केवळ २३० मेगाबाइट जागा घेतात आणि आकुंचनानंतर त्याहूनही कमी.

दोन ठिकाणच्या धारिका सतत सारख्या ठेवणारी ‘सिंक’ सुविधा म्हणजे बॅकअप नव्हे. एका ठिकाणी पुसलेली धारिका सिंकमुळे दुसऱ्या ठिकाणीही पुसली जाते.

३-२-१ नियम

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोह यांनी डिजिटल छायाचित्रांच्या जतनासंबंधी लेखनातून हा नियम लोकप्रिय केला. त्यानुसार कोणत्याही महत्त्वाच्या मजकुराच्या किमान ३ प्रती असाव्यात, त्या २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी १ प्रत दुसऱ्या जागी असावी. ब्लॉगच्या बाबतीत सर्व्हरवरील चालू ब्लॉग ही पहिली, घरच्या हार्ड डिस्कवरील दुसरी आणि वेगळ्या कंपनीच्या दूरस्थ साठवणुकीतील तिसरी, अशी मांडणी करता येते.

प्रती मोजताना त्या एकमेकींपासून कितपत स्वतंत्र आहेत, हे पाहणे महत्त्वाचे असते. एकाच पासवर्डने उघडणारी तीन ठिकाणे, एकाच इमारतीतील दोन सर्व्हर किंवा एकाच कपाटातील दोन हार्ड डिस्क ही प्रत्यक्षात एकाच प्रतीएवढीच सुरक्षितता देतात.

मराठी मजकुरासंबंधी विशेष बाबी

धारिका सुरक्षित राहूनही तिच्यातील मराठी वाचता न येणे, ही देवनागरी ब्लॉगच्या बॅकअपमधील नेहमीची अडचण आहे.

विदागाराची चिन्हपद्धती

सुरुवातीच्या काळातील अनेक विदागारांत तक्त्याची चिन्हपद्धती पश्चिम युरोपीय भाषांसाठी नेमलेली असे आणि तिच्यातच देवनागरी मजकूर भरलेला असे. चालू ब्लॉगवर तो नीट दिसे. चुकीच्या चिन्हपद्धतीने प्रत काढल्यास मात्र अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा विचित्र रोमन चिन्हांच्या माळा उमटतात. प्रश्नचिन्हांत रूपांतर झालेला मजकूर त्या प्रतीवरून परत मिळवता येत नाही.

मायएसक्यूएलमधील जुना यूटीएफ-८ प्रकार एका चिन्हासाठी ३ बाइटच देतो. देवनागरीला ते पुरतात, परंतु इमोजीला ४ बाइट लागतात. काही जुन्या मांडणींत इमोजी आला की त्यापुढचा सर्व मजकूर छाटला जाई. वर्डप्रेसने २०१५ मधील ४.२ या आवृत्तीपासून ४ बाइटची पद्धत स्वीकारली.

जुने फॉन्ट

युनिकोडपूर्व काळात मराठी मजकूर अनेकदा विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असे. अशा मजकुरात प्रत्यक्षात रोमन चिन्हे साठवलेली असतात आणि फॉन्टमुळे ती देवनागरीसारखी दिसतात. त्यामुळे अशा लेखांसोबत फॉन्टची धारिकाही जतन करावी लागते. युनिकोडमध्ये रूपांतर केल्यानंतरही मूळ प्रत ठेवली जाते, कारण रूपांतरात जोडाक्षरे बिघडू शकतात.

अर्धा र आणि अदृश्य चिन्हे

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ किंवा ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ हे शब्द अर्थाने वेगळे आहेत. यांतील ‘ऱ्य’ संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह असते, तर दुसऱ्यात नेहमीच्या ‘र्’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह असते. स्थलांतर करणारी काही साधने अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून गाळतात. मग डोंगरातील दऱ्यांचा समुद्र होतो आणि स्वयंपाक करणारा आचारी आचार्य बनतो. कोणतीही तांत्रिक चूक नोंदली जात नसल्याने हा दोष केवळ मराठी वाचणाऱ्याच्याच लक्षात येऊ शकतो.

देवनागरी पत्ते

वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्यासाठी २०० वर्णांची मर्यादा आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह पत्त्यात सांकेतिक रूपाने लिहिताना ९ वर्ण लागतात. त्यामुळे काना, मात्रा धरून सुमारे २२ चिन्हांनंतर मराठी पत्ता तुटतो. ब्लॉग दुसरीकडे उभारताना हे तुटलेले पत्ते जसेच्या तसे राखले नाहीत, तर इतरांनी दिलेले जुने दुवे निकामी होतात. म्हणून राखीव प्रतीसोबत सर्व लेखांच्या पत्त्यांची यादी ठेवणे हितावह असते.

ग्रामीण भागातील उपयोजन

बॅकअपविषयीच्या बहुतेक सूचना अखंड वीज आणि वेगवान इंटरनेट गृहीत धरतात. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील, पूर्णा–नांदेड लोहमार्गावरील चुडावा यासारख्या गावातून लिहिणाऱ्या ब्लॉगकाराला मोबाइल डेटा, वीजखंड आणि उन्हाळ्यातील उष्णता यांचाही विचार करावा लागतो. अशा परिस्थितीत पुढील रचना सोयीची ठरते.

* रोजची प्रत सर्व्हरवरून थेट दूरस्थ साठवणुकीत जावी. घरचा संगणक बंद असला, तरी या कामात खंड पडत नाही आणि मोबाइल डेटाही खर्च होत नाही.
* घरी केवळ मजकुराची आकुंचित प्रत आणावी. छायाचित्रांतील नवी भर आठवड्यातून एकदा उतरवावी.
* अर्ध्यावर तुटलेले काम पुढे सुरू ठेवणारे ‘आरसिंक’सारखे साधन वापरावे.
* प्रत लिहिली जात असताना वीज गेल्यास धारिका अपुरी राहते. म्हणून ती आधी तात्पुरत्या नावाने लिहून, पूर्ण झाल्यावरच तिला अंतिम नाव द्यावे.
* बाह्य हार्ड डिस्क वापरानंतर काढून, धूळ व उष्णतेपासून दूर ठेवावी. सतत जोडलेली डिस्क विजेचा दाब वाढल्यास किंवा खंडणीखोर विषाणू शिरल्यास संगणकाबरोबरच निकामी होऊ शकते.
* एक प्रत परगावच्या नातेवाइकाकडे ठेवावी. पूर्णा व गोदावरी यांच्या काठावरील दोन शेजारी गावांना पुराचा धोका एकाच वेळी असू शकतो. म्हणून ही जागा शक्यतो त्या परिसराबाहेरची असावी.

पुनःस्थापनाची चाचणी

बॅकअप यशस्वी झाल्याची सूचना म्हणजे प्रत वापरण्याजोगी असल्याचा पुरावा नव्हे. चाचणीसाठी एखाद्या संगणकावर रिकामा ब्लॉग उभारून त्यात राखीव प्रत भरली जाते. सहा महिन्यांतून एकदा होणाऱ्या अशा चाचणीत लेखांची व प्रतिक्रियांची संख्या मूळ ब्लॉगशी जुळते का, सर्वांत जुना व सर्वांत नवा लेख अखेरपर्यंत उघडतो का, छायाचित्रे मूळ संकेतस्थळाच्या आधाराविना दिसतात का, आणि जोडाक्षरे, ‘ऱ्य’, ‘ॲ’ व इमोजी शाबूत आहेत का, हे पाहिले जाते.

सूचनांची व्यवस्थाही दोन प्रकारची असते. बिघाड झाल्यावर ईमेल पाठवणारी व्यवस्था स्वतःच बंद पडली, तर तिची शांतता यशासारखी भासते. याउलट, ठरलेल्या वेळी यशाचा निरोप न आल्यास इशारा देणारी स्वतंत्र सेवा अधिक विश्वसनीय ठरते.

सुरक्षा आणि वारसा

विदागाराच्या प्रतीत प्रतिक्रिया देणाऱ्यांचे ईमेल पत्ते, अप्रकाशित मसुदे आणि पासवर्डची सांकेतिक रूपे असतात. त्यामुळे प्रत कूटबद्ध करून ठेवली जाते. कूटबद्धतेची किल्ली केवळ त्याच संगणकावर असल्यास, संगणक गेल्यावर प्रतही बंदच राहते. म्हणून ती कागदावर लिहून वेगळ्या जागी ठेवण्याची प्रथा आहे. बॅकअप पाठवणाऱ्या खात्याला नव्या प्रती लिहिण्याचा अधिकार असावा, जुन्या पुसण्याचा नसावा. त्यामुळे सर्व्हर हल्लेखोराच्या हाती गेला, तरी पूर्वीच्या प्रती वाचतात.

लेखकाच्या पश्चात ब्लॉगचे काय होणार, हा प्रश्नही बॅकअपशी निगडित आहे. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे गूगलचे धोरण १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाले. ‘निष्क्रिय खाते व्यवस्थापक’ या सुविधेत विश्वासातील व्यक्तीचे नाव नोंदवल्यास ठरावीक काळानंतर तिला मजकूर मिळू शकतो. घरातील दुसऱ्या एका व्यक्तीला राखीव प्रत कोठे आहे आणि ती कशी उघडायची हे माहीत नसेल, तर लेखकाबरोबर त्याचे लेखनही हरवू शकते.

उल्लेखनीय घटना

* जुलै २००६: भारतात मोजकी संकेतस्थळे रोखण्याच्या सरकारी आदेशानंतर काही इंटरनेट सेवादात्यांनी ब्लॉगस्पॉटचे संपूर्ण डोमेनच रोखले. मजकूर सुरक्षित होता, परंतु काही दिवस लेखक-वाचकांना तो उघडता आला नाही.
* ऑक्टोबर २००९: याहूने जिओसिटीज ही वैयक्तिक पानांची सेवा बंद केली. स्वयंसेवकांनी तिचा बराच भाग जतन केला.
* डिसेंबर २००९: संगणकतज्ज्ञ जेफ ॲटवुड यांचा ‘कोडिंग हॉरर’ हा ब्लॉग सर्व्हरच्या बिघाडात नष्ट झाला. सेवादात्याकडील बॅकअप प्रत्यक्षात होतच नव्हते. शोधयंत्रांतील साठवणीतून मजकूर पुन्हा गोळा करावा लागला.
* मे २०११: ब्लॉगरमधील बिघाडामुळे सेवा सुमारे एक दिवस केवळ वाचनापुरती उरली आणि नुकतेच प्रकाशित झालेले लेख तात्पुरते नाहीसे झाले.
* जानेवारी २०१७: गिटलॅब या कंपनीत विदागार चुकून पुसला गेला. साधनांच्या आवृत्त्या न जुळल्याने नेहमीचा बॅकअप होत नव्हता आणि बिघाडाच्या सूचनाही पोहोचत नव्हत्या. अन्य कारणासाठी घेतलेली सहा तासांपूर्वीची प्रत उपयोगी पडली.
* २०२० चा मध्य: ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ या डोमेनची मुदत संपून ते गूगलच्या हातून गेले. भारतीय ब्लॉगांचा मजकूर मूळ पत्त्यावर शाबूत होता, परंतु या पत्त्याने दिलेले असंख्य जुने दुवे निकामी झाले.
* १० मार्च २०२१: फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या विदाकेंद्राला आग लागली. काही ग्राहकांच्या राखीव प्रती त्याच ठिकाणी असल्याने मूळ मजकुराबरोबर त्याही जळाल्या.

सार्वजनिक संग्रह

इंटरनेट आर्काइव्हचे ‘वेबॅक मशीन’ हे संकेतस्थळांच्या जुन्या प्रती दाखवते आणि एखादे पान जतन करण्याची विनंतीही स्वीकारते. ब्लॉग पूर्णपणे नष्ट झाल्यावर अनेकदा तोच अखेरचा आधार ठरतो. मात्र तेथे प्रत्येक पान असेलच याची खात्री नसते, मसुदे व विदागार मिळत नाहीत आणि पाने एकेक करून उतरवावी लागतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यांमुळे ही सेवाच काही दिवस बंद होती. त्यामुळे सार्वजनिक संग्रह हा स्वतःच्या बॅकअपला पूरक ठरतो, पर्याय ठरत नाही.

हे सुद्धा पहा

* ब्लॉग
* वर्डप्रेस
* युनिकोड
* देवनागरी
* इंटरनेट आर्काइव्ह
* लीळाचरित्र